दोन फूट आत मारलेली फक्की

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, आज शेजारी इतका आनंद आहे की गप्प बसवत नाही.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. रोज एसटीने धुळ्याला जाऊन-येऊन बी.कॉम. केलं. त्याचा अभिमान आहे, का नसावा? म्हणूनच गावठाण मोजायला ड्रोन येणार ठरलं, तेव्हा आमच्या गल्लीच्या हद्दी आखायचं काम माझ्याकडे आलं. ज्याची जिथे हद्द, तिथे चुन्याची फक्की मारायची. ड्रोन वरून तेवढंच बघणार.

शेजारची शेवंताक्का एकटी राहते. "तू शिकेल शे भाऊ, तूच मार. माले काय समजस त्यामा?" असं म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेली.

काय मजेचा दिवस होता तो. बायका घरांच्या सपाट धाब्यांवर चढलेल्या, म्हातारे ड्रोनला हात करतायत. आणि मी — माझी मोटारसायकल अंगणात वळत नव्हती. दोन फूट. तेवढीच रेघ मी अक्काच्या अंगणात सरकवली. रेघ अगदी सरळ आली.

पुढे हद्दींच्या चौकशीला मोजणी खात्याचे साहेब आले. अक्काने माझ्याकडे बघून हसत अंगठा दिला. मी सही केली — इंग्रजीत. मग रेघेवर तारेचं कुंपणही घातलं. मोजणीत तेवढंच निघालं, असं ती आजही समजते.

आज सनद मिळाली. साठी उलटलेल्या बाईचं नाव पहिल्यांदाच घराची मालक म्हणून कागदावर आलं. तिने सनदेला हळदकुंकू लावलं, "दखा, बठ्ठा दखा" म्हणत सगळ्यांना दाखवत दारोदार फिरली. मीही हसलो, अगदी मनापासून. मग ताटभर बिबडे घेऊन आली — पहिले मला. अंगण आखूड झाल्यापासून ज्वारीचे हे पापड ती शिडी चढून धाब्यावर वाळवते. खाल्ले मी. चांगले झालेत.

हद्द दुरुस्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. कारण एकाच ओळीत आहे: रेघ मी मारली, मुद्दाम.

अक्काला वाचता येत नाही. उद्या सकाळी मीच वाचून दाखवणार आहे.