करंट उतरेपर्यंत

काळजाचा ठेका बिघडला म्हणून पुण्याच्या दवाखान्यात मला विजेचा शॉक दिला, तो मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. भूल दिली, छातीवर दोन चकत्या टेकवल्या, खटका दाबला. शुद्धीवर आलो तर कित्येक महिने अडखळणारी नाडी मुकाट सरळ चाललेली! डॉक्टर म्हणाले, "घरच्या कुणाला तरी रोज सकाळी नाडी धरायला सांगा. चुकायला लागली तर लगेच या. तसंच अंगावर काढलंत तर जिवावर बेतेल."

नाडी धरणार कोण, डोंबल! तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर वीज नवीनच आलेली. विहिरीवरच्या मोटारीला चिकटून एक बैल गेला, तेव्हा वायरमन सगळ्यांना बजावून गेला होता, की करंट लागलेल्याला हात लावायचा नाही, कोरड्या लाकडानं ढकलायचं. आमच्या लोकांनी ती काळ्या दगडावरची रेघ मानली. मी एसटीतून उतरलो, तर सख्ख्या भावानं माझी पिशवी काठीनं उचलली.

बायको ताट लांबूनच सरकवायची. न्हाव्यानं वस्तरा काढला आणि परत ठेवला. "अंगातला करंट उतरू द्या दादा, मग करू दाढी." लेक मांडीवर यायला निघाली की माझी आई ओरडायची, "मरशील गं! वीज भरल्याली हाय त्याच्यात." मी समजावलं, चिडलो, शिव्याही दिल्या, पालथ्या घड्यावर पाणी. रोज सकाळी ओट्यावर बसून माझी नाडी मीच धरायचो. ती झकास चालायची. पण इतकं एकटं मला आजारपणातही वाटलं नव्हतं.

एका सकाळी ती चुकली. दोन ठोके, मग काहीच नाही, मग घाईघाईनं तीन. शेताकडे निघालो, तो बांधावरच धापा टाकत बसलो. बायको पळत आली आणि हातभर लांब थांबली.

"करंट गेला गं," मी म्हणालो. "पहिल्यासारखंच झालंय."

"खरंच उतरला?" तिनं आधी एक बोट लावलं, मग सगळा हात धरला आणि हमसून रडली. लेक मांडीवर येऊन बसली. दुपारी न्हावी आपणहून आला. घरात सणच! मला मात्र श्वास पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालो. फाट्यावर बायकोनं माझं मनगट सोडलंच नाही.

"पुन्यांदा शाक देत्याल?"

"देतील. तरच जगेन."

गाडी आली, कंडक्टर ओरडायला लागला.

"थांबा की वो जरा," ती त्याला म्हणाली, "परत आल्यावर न्हाई धरता यायचा ह्यो हात."