गोलपोस्टमधला आवाज

आमच्या फुटबॉल संघाच्या गोलकीपरचा खांदा निखळला, तेव्हा मोसमातले निम्म्याहून जास्त सामने बाकी होते. कॉर्नर अडवायला ती झेपावली, कोणाच्या तरी गुडघ्यावर आदळली आणि मातीत तशीच पडून राहिली. रिक्षात बसवतानाही ती दुखण्यापेक्षा रागानेच जास्त ओरडत होती. ती उरणच्या कोळीवाड्यातली. घरची होडी होती. आवाज असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आमच्या फॉरवर्डला तिची प्रत्येक सूचना स्वच्छ ऐकू यायची. आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो.

पुढच्या सरावाला मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ग्लव्हज माझ्याकडे फेकले.

"तू उंच आहेस. शाळेत थ्रोबॉल खेळलीयस. उभी राहा."

मी राइट विंगला खेळायचे. धावणं मला आवडायचं आणि गोलपोस्टमध्ये उभं राहायची मुळीच इच्छा नव्हती. तरी मी ग्लव्हज चढवले. नाही म्हणायची मला सवय नव्हती. खरं तर मोठ्याने काहीच म्हणायची नव्हती. माझे बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात शिफ्टला होते. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे. नवीन पनवेलमधल्या आमच्या दोन खोल्यांत सगळे कुजबुजत बोलायचे. कपाटाचं दार आवाज न करता कसं लावायचं, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस कसा बारीक करायचा, हे मला अभ्यासाच्या आधी आलं. पुढे बाबा निवृत्त झाले, पण आमचे आवाज काही वाढले नाहीत.

गोलकीपर म्हणून पहिला सामना आम्ही वाईट हरलो. त्यातला एक गोल मला अजून आठवतो. उंच बॉल आमच्या बॉक्समध्ये आला. तो माझा होता, मला दिसत होतं. मी पुढे झाले. आमची स्टॉपर, म्हणजे बचावात मधोमध खेळणारी, बँकेत नोकरी करणारी शांत बाई, तीही त्याच बॉलवर मागे मागे येत होती. आम्ही एकमेकींवर आदळलो आणि बॉल आमच्या मधून टप्पे खात आत गेला. ती उठली. ओठ फुटला होता.

"तू काही म्हणालीस का?" तिने विचारलं.

"मनात म्हणाले."

तिने जर्सीच्या बाहीने ओठ पुसला. "मनातलं मला ऐकू येत नाही," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

ताई त्या दिवशी हात गळ्यात बांधून मैदानाबाहेर बसली होती. सामना संपल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता उडी कशी मारायची, पाय कुठे ठेवायचा ते सांगेल.

"तुला आवाज नाय काय?"

"आहे."

"मग हाय कुठं? तू मागं हायस. तुला सगलं दिसतंय, त्यांना नाय. तू गप बसलीस तं त्यांनी काय पाठीला डोले लावायचे?"

आमचा आठवड्यातला एक सराव कळंबोलीला, लोखंड बाजाराजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर व्हायचा. सळया भरलेले ट्रेलर शेजारच्या रस्त्याने जायचे आणि खड्ड्यात चाक गेलं की सगळ्या सळया एकदम खणाणायच्या. ताई मला तिथे आधी बोलवायला लागली. ती प्लॉटच्या पार पलीकडे उभी राहायची आणि मी इकडून ओरडायचं. ओरडायचा शब्द एकच: "माझा!" ऐकू आलं तर ती हात वर करायची. पहिल्या दिवशी तिचा हात वर गेलाच नाही. मला लाज वाटत होती. चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर वळून बघत होते. मी ओरडायचे तेव्हा शब्दाचा शेवट खाली पडायचा, जणू मी परवानगी मागत होते.

"भांडतेस का कोणाशी?" ताईने मला विचारलं.

"नाही."

"मग घाबरतेस कशाला? होडीत मशीन चालू असतं. बापाला हाक मारायची तं मशीनच्या वर मारावी लागते. त्याला राग नाय येत."

ओरडणं आणि रागावणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे माझ्या तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्या घरात कोणी आवाज चढवला तर त्याचा एकच अर्थ असायचा. काही आठवड्यांनी एक ट्रेलर जात असताना ताईचा हात वर गेला. तिने शाबासकी वगैरे दिली नाही. "आता घाई नको, एकेकीचं नाव घेऊन सांगायला शीक," एवढंच म्हणाली.

खेळातून माणूस बदलतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते थोडंफारच खरं आहे. द्रोणागिरीतल्या ज्या गोदामाच्या ऑफिसात मी काम करायचे, तिथे एका मीटिंगमध्ये एक काम कोण घेणार यावर नेहमीसारखी शांतता पसरली. मी स्पष्ट आवाजात म्हणाले, "माझं आहे, मी करते." साहेबांनी ते काम दिलं आणि त्यानंतर महिनाभर कोणालाही नको असलेलं प्रत्येक काम माझ्याच टेबलावर यायला लागलं. मग मला "हे माझं नाही" हेही त्याच आवाजात म्हणावं लागलं. ते जास्त अवघड गेलं.

मोसमाच्या अखेरीस ताईचा खांदा बरा झाला. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. शेवटचा सामना राहिला होता आणि वरच्या गटात टिकायचं तर किमान बरोबरी हवी होती. ताई उभी राहणार हे आम्ही सगळ्या धरूनच चाललो होतो. सरावानंतर मॅडमनी संघ सांगितला. गोलमध्ये मी होते.

"मॅडम, ताई आहे ना आता," मी म्हणाले.

"ती आहे. पण मागची फळी आता तुझ्या आवाजाला सरावलीय."

ताईने ग्लव्हज काढले, बॅगेत टाकले आणि ती एसटी स्टँडकडे निघून गेली. मी तिला हाक मारली नाही.

सामन्याच्या दिवशी ती आली. वॉर्मअपला माझ्यावर शॉट मारायचं काम तिनेच घेतलं आणि गरजेपेक्षा बरेच जोरात मारले. मी तेही अडवत राहिले. सामना बरोबरीत सुटला. आमचा गोल कॉर्नरवर झाला, त्यांचा गोल मला दिसलासुद्धा नाही, नुसतं जाळं हललं. अगदी शेवटी एक उंच बॉल बॉक्समध्ये आला. मी ओरडले, स्टॉपर मागे न बघता बाजूला झाली. बॉल आधी माझ्या हातातून सुटला, मग मी त्याच्यावर पडले. आम्ही टिकलो. मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. ताई बाकावरून उठली, पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या आणि सगळ्यांच्या आधी बसकडे गेली.

पुढच्या मोसमात ती दुसऱ्या संघात गेली. तिने कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला खेळायचं होतं, आमच्याकडे जागा एकच होती, एवढं उघड होतं. त्या संघाशी आमचा सामना झाला तेव्हा संपूर्ण वेळ पलीकडच्या गोलमधून तिचा आवाज ऐकू येत होता. आम्ही दोन गोलांनी हरलो. तिने आमचा एकही आत जाऊ दिला नाही.

नंतर स्टँडपर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. वाटेत ती म्हणाली, "दुसऱ्या गोलला तू पोस्ट लवकर सोडलास."

"कळलं मला."

"बाकी ठीक हाय."

उरणची गाडी लागली. चढता चढता तिने बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. "आयनं दिलंन. घरी दे."

त्यात सोडे होते, सोलून सुकवलेली कोळंबी. पनवेलच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईने वासाने नाक मुरडलं आणि खिडकी उघडली. आईने दुसऱ्या दिवशी ते वांग्यात घातले. बाबांनी दोनदा वाढून घेतलं.