एका मोबाइल नंबरवर पाच मोतीबिंदू

मंडळी, आज सकाळी अंबरनाथच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून रिसेप्शनच्या सुवर्णाताईंचा फोन आला. "दादा, एका आजोबांचं आज मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पण कॉम्प्युटर घरातल्या पाचही जणांचं दाखवतोय, सात वर्षांच्या नातवाचंसुद्धा. आत कोणाला घेऊ?"

मागून आजोबांचा आवाज आला, "मला घ्या. आमच्या हिला नको. हिला माझ्या चुका लांबूनही स्वच्छ दिसतात."

चूक माझी होती. दवाखान्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे जावा एपीआयमध्ये, नोंद बदलणारी आज्ञा, म्हणजे क्वेरी, मी कालच लिहिली: हा मोबाइल नंबर असेल तिथे 'मोतीबिंदू ऑपरेशन' लिही. आपल्याकडे अख्खं घर सुनेच्या एकाच नंबरवर नोंदवलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आईसुद्धा माझ्याच नंबरवर आहे.

क्वेरीने 'पाच नोंदी बदलल्या' असं उत्तरही दिलं होतं. मी फक्त 'बदलल्या' वाचलं.

आता अट मोबाइलऐवजी प्रत्येकाच्या वेगळ्या पेशंट नंबरची केली आणि चौघांच्या जुन्या नोंदी परत आणल्या. आजोबांचं ऑपरेशन छान झालं. नातू तेवढा नाराज आहे, त्याची शाळेची सुट्टी गेली.

काम झालं असं कळल्यावर नेमकं किती झालं, हे तुम्ही बघता का?