हेबर्लेबाईंचं कपाट आणि माझी गस्त

आता हे सांगायचं म्हणजे आधी चहा ठेवा, आणि ऐकून हसणार नाही असं वचन द्या. नाही देत? तेच! आमची जर्मनीतल्या गेर्लिंगेनची अख्खी गल्ली हसते, तुम्ही कशाला मागे राहाल!

माझा जन्म इथलाच. पण पाचवीपासून मी पाचगणीला, मग डिझाइन शिकायला अहमदाबादला. या वर्षी परत आले ती एक करवत आणि एक तत्त्व घेऊन. नवं झाड कापायचं नाही! नवी वस्तू विकत घ्यायची नाही!

आमच्या हॉलमध्ये विटांची जुनी फायरप्लेस उघडीबोडकी पडली होती. मी जाहीर केलं, "तिच्याभोवती लाकडी चौकट, वर रुंद फळी आणि दोन्ही बाजूंना भिंतीत बसवलेली जुळी कपाटं. सगळं मी करणार. आपल्या हातांनी!"

बाबा म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. आणि लाकूड आगीपासून किती लांब हवं ते धुराडं तपासणाऱ्याला विचार. इथे त्याच्या होकाराशिवाय काडी ओढायची नाही."

आई म्हणाली, "वरच्या फळीवर गणपती ठेवीन म्हणते. पण खालून बाप्पाला शेक लागेल का गं?"

लाकूड कुठून आणायचं? अहो, स्पेरम्युल! घरातलं जुनं, अवजड सामान ठरल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवायचं. पालिकेची गाडी येण्याआधी ज्याला हवं त्याने न्यावं. कोपऱ्यावर असाच ढीग लागला होता. मोडका सोफा, सायकल आणि त्यापलीकडे कुंपणाला टेकवलेल्या, मुरलेल्या पाइनच्या सुंदर फळ्या! एका बाजूला निळा रंग, लाल फुलं आणि 'रोझीना' असं नाव. दुसरी बाजू कोरी. मी हातगाडीवर दोन खेपा केल्या.

आईने विचारलं, "सानू, कुणाला विचारलंस का?"

"आई, कचऱ्याला कोण विचारतं?"

फुलांची बाजू मी आत वळवली. लाकडाने खरं बोललं पाहिजे, रंग म्हणजे थाप! (हो, असंच बोलायचे मी तेव्हा.)

चार दिवसांनी शेजारच्या फ्राऊ हेबर्ले फाटकाशी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, डोळे लाल. "सानिका, माझं कपाट चोरीला गेलं. आईच्या लग्नातलं. नातीच्या नव्या घरी पाठवायचं होतं. टेम्पो यायचा म्हणून बाहेर ठेवलं, फोन घ्यायला आत गेले, येऊन बघते तर गायब!"

"केवढं होतं?"

त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. "दोन दारांचं. नातीला तोंड कसं दाखवू?"

कपाट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय येणार? पुण्याच्या मावशीचं लोखंडी कपाट! ते हलवायला चार हमाल आणि वर शिव्या देणारा मुकादम लागतो. म्हणजे ही टोळी होती! ट्रक होता! पाळत होती!

माझं रक्त उसळलं. भरदिवसा एका म्हातारीची आठवण चोरतात? मी तिथल्या तिथे वचन दिलं, "तुमचं कपाट मी शोधून देईन." गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, गस्तीच्या पाळ्या लावल्या. दुपारी करवत, संध्याकाळी गस्त.

आणि एकदा संशय घ्यायला लागलं की साधा माणूस दिसेनासा होतो हो! तो कुरिअरवाला. एवढी मोठी गाडी आणि पार्सल एवढंसं? कुत्रेवाला. प्रत्येक कुंपणाशी थांबायचं कारण काय? कुत्रं? की निमित्त? आणि समोरचे हेर, म्हणजे श्रीयुत, फोगेल. गाडीला ट्रेलर, वर ताडपत्री! मी सायकलवरून त्यांचा पाठलाग केला आणि सिग्नलला ताडपत्री उचलली.

आत वाळकी पानं.

"आणखी काही बघायचंय?" हेर फोगेल म्हणाले. "पाना आहे, जॅक आहे. हवा?"

शेवटी तर मला हेबर्लेबाईंचाच संशय यायला लागला. आमच्या खिडकीशी त्या का रेंगाळायच्या? "छान वास येतो गं," म्हणायच्या, "जुन्या लाकडाचा. माहेरची आठवण होते." मी मनात म्हटलं, बाई विषय बदलतेय!

चौकट झाली, कपाटं बसली. धुराडं तपासणारा येऊन "गुट", म्हणजे छान, म्हणून गेला. पहिल्या शेकोटीला मी अख्ख्या गल्लीला बोलावलं. आईने चकल्या तळल्या. आग पेटली आणि मी भाषणाला उभी राहिले.

"मित्रांनो, चोर बाहेरचा नाही! तो आपल्यातलाच आहे. रोज आपल्याला हसून 'मॉर्गन' म्हणतो—"

"बाई, हात पुसायला कागद त्या डावीकडच्या कपाटात आहेत हं," आई हेबर्लेबाईंना म्हणाली.

त्यांनी दार उघडलं. निळा रंग. लाल फुलं. त्यांनी चकलीचं बोट पुसलं आणि नावावरून हळूच फिरवलं.

"रोझीना," त्या म्हणाल्या. "आई."



"पण... तुमचं तर कपाट होतं!" मी पुटपुटले. "या तर फळ्या..."

"खुंट्या काढल्या की ही जुनी कपाटं फळ्या-फळ्या होतात. टेम्पोत घालायची कशी नाही तर? डिझाइन शिकलीस ना तू?"

हेर फोगेल शांतपणे म्हणाले, "माझी ताडपत्री आणू? झाकायला?"

मी रडकुंडीला आले. उखडून परत देते म्हटलं. पण जोड कापलेले, दारं आखूड केलेली! हेबर्लेबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आगीकडे, मग खुर्ची ओढून घेतली. "राहू दे. नातीला सांगते, आईचं कपाट इथे आहे, येऊन बघ. पण माझे कप यात राहतील. आणि कॉफी प्यायला मी येणार."

तेव्हापासून दर रविवारी त्या नातीला घेऊन येतात, आपल्या कपाटातून आपले कप काढतात आणि आमच्याच घरात मला विचारतात, "बसतेस का?"

गस्त अजून चालू आहे बरं का. परवा स्पेरम्युलचा दिवस होता. सकाळी दार उघडलं तर ग्रुपची सगळी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली.

आमच्या फाटकासमोर.