हब मोटरचं चाक घेऊन अकोल्याला

अमरावतीच्या बसस्थानकावर पोत्यात गुंडाळलेलं सायकलचं मागचं चाक घेऊन मी गाडीत चढलो, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. तरी मे महिन्याचं ऊन पाठीला चटके देत होतं. चाक चांगलंच जड होतं, कारण त्याच्या मधोमध विजेची मोटर होती.

वाहकाने पोतं हाताने चाचपलं. "काय हाय बाप्पा यात?"

"सायकलचं चाक."

"अन् बाकीची सायकल मांगून येऊन राहिली काय?"

सगळे हसले, मीही हसलो. चाक मात्र मांडीवरून खाली ठेवलं नाही.

ही सायकल माझ्या शालूताईची. भाजीचे दोन क्रेट बांधून ती वस्त्यावस्त्यांतून फिरते. तिने सातवीत शाळा सोडली, म्हणून मी घरातला पहिला इंजिनीयर होऊ शकलो. उन्हाळ्यात ओझ्याने मोटर तापून रस्त्यातच बंद पडायची. माझ्या शिक्षणाचा तिला काही उपयोग व्हावा, म्हणून मी मोटरीत तेल भरलं. आतल्या तारांची उष्णता तेल बाहेरच्या कवचापर्यंत नेतं आणि कवच वाऱ्याने निवतं. मोटर खरोखर थंड राहू लागली. पण पंधरा दिवसांनी तेल झिरपून ब्रेकच्या चकतीवर आलं. पुलाच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि ताईचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघायच्या आत मला हे चाक बिनधोक करून आणायचं होतं. ताईला पुन्हा फेरीला जाता यावं, एवढंच मनात होतं.

बडनेरा मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं लागली. बांधांवर पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) ढीग होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली. मी आलुबोंडा घेतला, पण तो अर्धाच खाल्ला गेला.

अकोल्यात अशा मोटरी उघडून दुरुस्त करण्यात नावाजलेल्या उस्मानभाईंचं लेथचं (धातू कातण्याच्या यंत्राचं) दुकान शोधायला फार फिरावं लागलं नाही. साठीचे गृहस्थ. मोटर उघडून त्यांनी तेल परातीत ओतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोनं भरलं इतलं?"

"मीच."

"शिकेल दिसता. तेल तापलं का आतली हवा फुगते. ते तेलाले कुठून तरी बाहेर ढकलनच. हे नाही इचारलं सोताले?"

"बहीण पडली," मी एवढंच म्हणालो.

उस्मानभाईंनी आसाजवळ नवं सील बसवलं, हवा सुटायला तिथेच बारीक भोक पाडलं, थोडंच तेल घातलं, चकती धुतली आणि ब्रेकचे गुटके बदलले. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातलं भाकर-चून (पिठलं) माझ्यापुढे सरकवलं. "तुमी थंड कराचं बरोबर शोधलं होतं, साहेब," ते म्हणाले. "बाहेर येनाऱ्या तेलाचा इचार तेवढा राहून गेला."

संध्याकाळी घरी चाक बसवलं. सायकल स्टँडवर उभी करून मोटर सुरू केली. ताईने डाव्या हाताने ब्रेक दाबला. चाक थांबलं.

"अजून एक डाव."

पुन्हा थांबलं. तिने सात-आठ वेळा तरी दाबून पाहिलं.

"थांबते," ती म्हणाली. "पन त्या दिवशी बी मी असाच दाबला होता रे."

मग तिने सांगितलं, की फेरी तिने सकाळीच शेजारच्या मंदाला देऊन टाकली होती. "तू मनाले लावून नको घेऊ. तसे बी माहे गुडघे दुखूनच राहिले होते."

गुडघ्यांची तक्रार मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

प्रवासातून माणूस काही तरी घेऊन परततो. मी एक चांगली मोटर घेऊन आलो होतो. मनगट मोडण्याआधी हा प्रवास केला असता, तर तिच्या उपयोगी पडला असता.

ताईने दोन्ही क्रेट नळाखाली ओढले. मी मदतीला वाकलो, तर "राहू दे, दमून आला तू" म्हणाली. एका हातानेच तिने ते घासून धुतले आणि भिंतीशी पालथे घातले.