मंडळींचं मत

"म्याडम, आमच्या मंडळींनी खूण कुणावर केली, तेवढं सांगा की!"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात तानाजीराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. नाव अर्थातच बदललंय. पंचायत समितीला ते स्वतः उभे होते. मी राज्यशास्त्राची प्राध्यापक. निवडणुकीआधी लोकांचा कल तपासणं हे माझं काम. सर्व्हेसाठी आम्ही मतदार यादीतून ठरावीक अंतरानं नावं उचलतो. त्याला सॅम्पल म्हणतात. त्यात नेमकं यांच्या बायकोचं, सुरेखाताईंचं नाव आलं.

तोंडी विचारलं तर घरच्यांसमोर कोण खरं बोलणार? म्हणून आम्ही नमुन्याची मतपत्रिका देतो. खूण करायची, घडी घालून पेटीत टाकायची. तिच्यावर मुलाखतीच्या फॉर्मचा नंबर असतो. म्हणजे शोधायचं म्हटलं तर मला सहज सापडलं असतं.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "सांगून टाका हो मॅडम. नवरा-बायकोत कसली आलीय प्रायव्हसी?"

माझं डोकंच सणकलं. "सर, मतदान करताना वहिनींच्या खांद्यावरून तुम्ही डोकावता का?"

सर चहा सांगायला बाहेर गेले.

"सांगत न्हाईसा, म्हंजे दुसऱ्यालाच दिलंय," तानाजीराव म्हणाले. "व्हय न्हवं?"

"तुम्हाला दिलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं."

"मग लोकांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ? घरचंच न्हाय म्हटल्यावर!"

चहा न घेताच ते उठले. मग मात्र माझं धाबं दणाणलं. तत्त्वं माझी आणि भोगायचं त्या बाईनं! दिवसभर कामात लक्ष लागेना.

संध्याकाळी फोन आला. शंका असेल तर विचारा म्हणून आम्ही मुलाखतीनंतर आमचा नंबर देतो.

"म्याडम, सुरेखा बोलतोय. हे आलते न्हवं? काय सांगितलासा?"

"काही नाही. घरी त्रास झाला का हो?"

त्या हसल्या. "तरास कसला! मत त्यास्नीच दिलंय की. पर सांगू नगासा."

"अहो, का पण?"

"लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा इचाराय लागलेत, माझं कुठं चुकतंय म्हणून. दुपारधरनं नळाच्या पाण्याचं सांगाय लागलोय, गप ऐकत बसलेत. ऱ्हाऊ दे की असंच!"

आमच्या धंद्यात उत्तर मिळवणं सोपं. ते पोटात ठेवणं अवघड, आणि चांगलं असलं की फारच.

तानाजीराव निवडून आले. पेढे घेऊन ऑफिसात हजर. "म्याडम, आता तरी?"

मी पेढा तोंडात टाकला. म्हटलं, "घरी विचारा."

"इचारतोय की रोज," ते म्हणाले. "ती पाण्याचंच काढती."