जीपची पितळी नळी

लग्न होऊन मी सिहोऱ्याकडच्या त्या गावात आले तेव्हा घरात दोघांचे लाड चालत. सासऱ्यांच्या पटाच्या बैलजोडीचे आणि नवऱ्याच्या जीपचे. सुनेचा नंबर त्यानंतर, हे मला आठवडाभरातच कळलं आणि रागही आला. बैल तरी देखणे होते. जीप लिलावातली, जुनी, आणि सकाळी सुरू होताना सगळ्या आळीला उठवणारी.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. नांगराची जोडी वेगळी होती. ही पांढरी जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळायची आणि धान निघालं की एकच काम करायची. आमच्या शेतातून गिरणीच्या रस्त्याला लागायचं तर मध्ये तलावाची पाळ, मातीचा उंच बांध, आडवी येते. पोत्यांनी भरलेली बैलबंडी घेऊन तो चढ काढणं नांगराच्या बैलांना जमत नसे. ही जोडी मान खाली घालून सरळ वर जाई. एवढं खाणारी जोडी वर्षभर कशाला पोसायची, असा विषय घरात निघाला की मामाजी विचारत, "मंग पाळीवर पोते कोन नेते? तू नेतं का डोक्यावर?" आणि विषय मिटे.

आदल्या वर्षी नवऱ्याने जीपला ट्रॉली जोडून तो चढ काढायचा प्रयत्न केला होता. अर्ध्यावर इंजिनाला धाप लागली, मागून काळाकुट्ट धूर निघाला आणि शेवटी हीच जोडी जुंपून जीप वर ओढावी लागली. गावाला वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं. त्या हशातच मामाजी सगळ्यांसमोर बोलून गेले, "ज्या दिवशी तुही जीप भरल्या ट्रॉलीनं पाळ चढली, त्या दिवशी मी जोडी बाजारात नेतो." मामाजी बोललेला शब्द मागे घेत नसत. त्यामुळे नवऱ्याला आता दुसरं काही सुचेना.

नागपूरच्या कुण्या गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं की इंजिनाला पेट्रोल मिळतं, पण हवा कमी पडते. रबराची बारकी नळी काढ, रुंद नळी बसव, तिचं तोंड पुढच्या जाळीपाशी आण, गार हवा आत गेली की जोर वाढलाच समज. नवरा तडक भंडाऱ्याला गेला. आता भंडाऱ्यात काहीही घडवून घ्यायचं म्हटलं की ते पितळेचंच घडणार. गुंड-घागरी ठोकणाऱ्या कारागिराकडून त्याने हातभर लांबीची, पुढे तोंड फाकलेली नळी करून आणली. चिंचेने घासून ती इतकी लखलखीत केली होती की मला वाटलं देवघरात ठेवायची आहे.

ती बसवायला त्याने हवेचा फिल्टर खोलला. फिल्टर म्हणजे डब्यासारखं भांडं, तळाशी तेल, धूळ त्यात अडकावी म्हणून. मी जवळच उभी होते, कारण त्याने माझं घमेलं आणि स्वयंपाकघरातल्या स्टोव्हचं मातीचं तेल न विचारता उचललं होतं आणि मला भांडायचं होतं. पण डब्यातून जे निघालं ते पाहून भांडण विसरले. धानाचा कोंडा, माती आणि तेल यांचा काळा, घट्ट लगदा. काडी खुपसली तर काडी उभी राहावी असा.

"अजी, येवढ्या गाळातून ते श्वास कसं घेत होतं?" मी विचारलं.

"म्हनून तर नळी लावून राहिलो," तो म्हणाला आणि डबा लख्ख धुऊन परत बसवला.

नळी बसली आणि जीपचा आवाजच बदलला. आधी खोकायची, आता हुंकारायला लागली. पोरंसोरं मागे धावली. म्हातारे म्हणाले, "आता आला बाप्पा जोर!" मला मात्र राहवेना. नवरा एक फेरी मारून आल्यावर मी नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पितळेच्या गिलासात चहा ओतला की बोटं भाजतात, तसंच. मग हिच्यातून गार हवा आत जाणार कशी? आणि मागचा काळा धूर गेला होता, तो नळीने गेला की डबा धुतल्याने? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू भाजी पाह्य." मला फार राग आला, पण प्रश्न काही गेला नाही.

धान चुरून मळणी उरकली. ट्रॉली भरली, बंडीत जायची तेवढीच पोती. जीप हुंकारत निघाली आणि पाळ चढून गेली. गाव ओरडलं. नवरा वरून हात हलवत होता.

मामाजी खालीच उभे होते. म्हणाले, "हे खरं नाही. पटात बैलाले काही पाजून पळवलं तर त्याले बैलाचं पळनं म्हनत नाही. हा नळीचा जोर आहे, गाडीचा नाही." पटवाल्या गावात हा मुद्दा सगळ्यांना पटला. नवरा तोंड पाडून घरी आला आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शेण काढत होते. मामाजी जोडीच्या अंगावरून हात फिरवत होते. एकाएकी म्हणाले, "तू त्या नळीभोवती लय फिरून राहिली होतीस. तुले काय वाटते वं?"

जोडी मलाही आवडायची. त्यांतला डावा बैल माझ्या हातून भाकरी खायचा. काय बोललं की काय होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण या घरात प्रथमच कुणीतरी मला काय वाटतं ते विचारलं. मी सांगून टाकलं. गाळ सांगितला, धूर सांगितला, भाजलेलं बोट दाखवलं. "मामाजी, नळीनं काही नाही होत, नुसता आवाज होते. नाक चोंदलं होतं, ते मोकळं झालं."

त्यांनी जोडीच्या अंगावरचा हात काढला. मग म्हणाले, "काढाले सांग नळी. पाहू."

नवरा तयार होईना. नळीशिवाय जीप अडकली तर पुन्हा हसू, आणि चढली तर नळी फुकट, त्याची दोन्हीकडून पंचाईत. पण बापाने सांगितलं म्हणून त्याने जुनं रबर परत लावलं. ट्रॉली पुन्हा भरली. हुंकार नाही, काही नाही. जीप आपली साध्या आवाजात निघाली. "नाही चढत," लोक म्हणत होते. मला ती चढायला हवी होती आणि चढायला नको होती. चाकं एकदा जराशी घसरली आणि मग जीप धूर न सोडता वर निघून गेली. आदल्या खेपेसारखीच. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि लगेच मामाजींकडे बघवेना.

कुणी ओरडलं नाही. मामाजी चढ चढून वर गेले, बॉनेट उघडायला लावलं, तो फिल्टरचा डबा बघितला, आत हवा कुठून जाते, तेल कुठवर असतं, सगळं नवऱ्याला विचारून घेतलं. नवऱ्याला एवढं विचारणारा माणूस घरातला पहिलाच.

पुढच्या बाजाराला ते जोडी चालवत घेऊन गेले. ती विकल्यावर त्यांना परत आणायला आम्ही जीप घेऊन गेलो. ते बसले नाहीत. नवरा पुढे गेला, मी उतरून त्यांच्याबरोबर चालू लागले. गावचा तलाव दिसायला लागला तरी मला रडू आवरत नव्हतं.

"त्या दिवशी तू नळीचाच जोर आहे म्हनली असतीस, तर मी तेथंच थांबलो असतो," ते म्हणाले. "जोडी आज गोठ्यात असती."

"मंग मले काहून विचारलं, मामाजी?"

"तू सांगितलं तेच मलेबी वाटून राहिलं होतं," ते म्हणाले, "पन माह्यानं बोलवत नव्हतं."